सातवा कुठे बसवायचा?

(आपल्या १९९६ च्या दहावीच्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेले भाषण. बोलताना सुटलेले दोन-तीन आकडे छापताना घातले आहेत. बाकी जसे बोलले तसेच ठेवले आहे.)



सूत्रसंचालन करणाऱ्या आपल्या मित्राने माझी ओळख "बॅचची कॉम्प्युटरवाली" अशी करून दिली. त्यामुळे काहींना वाटलं असेल की ही आता एआयवर बोलणार आणि आपल्या पोरांच्या नोकऱ्या राहतील की जातील ते सांगणार. तसं काही नाही. मी आज नागरिकशास्त्रावर बोलणार आहे. इतिहासाच्या शेपटीला लावलेला तो विषय आपण परीक्षेच्या आदल्या रात्री उरकायचो. सर पहिल्या रांगेत बसलेत, त्यांना हे आज कळलं असं नाही. त्यांना तेव्हाही माहीत होतं.

हा विषय का घेतला, ते आधी सांगते. एप्रिल २०२४ मध्ये आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काय झालं ते सगळ्यांना आठवत असेल. लोकसभेची निवडणूक होती. कोण कोणाला काय बोललं ते मी इथे काढत नाही. पण दोघं जण ग्रुप सोडून गेले. तीस वर्षांपूर्वी एका डब्यात जेवलेली माणसं एकमेकांच्या बापजाद्यांवर गेली. आज ते दोघंही या हॉलमध्ये आहेत, आणि सकाळी चहाच्या टेबलाशी एकत्र उभे दिसले. मला फार बरं वाटलं.

त्या भांडणात सालेकशाच्या आपल्या मैत्रिणीने रात्री साडेदहाला एकच ओळ लिहिली. तुम्ही ती वाचली असेल किंवा नसेल. तिनं लिहिलं, "तुम्ही ज्यांच्यावरून भांडून राहिले ना, ते दोघंही आमच्या मशीनवर नाहीत."

मी दोनदा वाचलं. मग तिला वेगळा मेसेज केला, "म्हणजे? तू गोंदिया जिल्ह्यातलीच ना?" तिचं उत्तर आलं, "जिल्हा गोंदिया, खासदार गडचिरोलीचा. तुला माहीत नाही?"

खरं सांगते, मला माहीत नव्हतं. बी.ई. झालेली, वीस वर्षांवर नोकरी केलेली मी. अमेरिकेतल्या निवडणुकांवर ऑफिसात तावातावाने बोलायची. पण आमगाव, सालेकसा आणि देवरी हे आपल्याच जिल्ह्याचे तीन तालुके भंडारा-गोंदिया मतदारसंघात नाहीत, हे माझ्या गावी नव्हतं. आत्ता इथे हात वर करायला सांगत नाही, पण मी एकटी नसेन.

म्हणून मी शोधायला बसले. इंजिनीअरला हिशेब लागल्याशिवाय झोप येत नाही. तो हिशेब आता तुमच्यासमोर मांडते. अवघड नाही, भागाकार येतो तेवढं पुरे.

महाराष्ट्रात विधानसभेच्या जागा २८८ आणि लोकसभेच्या ४८. २८८ भागिले ४८ म्हणजे बरोबर सहा. म्हणून आपल्या राज्यात सहा विधानसभा मतदारसंघ मिळून एक लोकसभा मतदारसंघ होतो. आजच्या सीमा २००८ मध्ये लागू झाल्या आणि त्या २००१ च्या जनगणनेवर आखल्या आहेत. त्या जनगणनेप्रमाणे राज्यातल्या एका विधानसभा जागेमागे सरासरी ३ लाख ३६ हजार माणसं येतात. गोंदिया जिल्ह्याची लोकसंख्या होती १२ लाख. भागाकार येतो ३.५७. भंडारा जिल्ह्याची होती ११ लाख ३६ हजार, तिथे येतो ३.३८. आता गणिताच्या मॅडमनी शिकवल्याप्रमाणे पूर्णांक करा. गोंदियाला चार आणि भंडाऱ्याला तीन. गोंदियाच्या चार म्हणजे गोंदिया, तिरोडा, अर्जुनी मोरगाव आणि आमगाव. भंडाऱ्याच्या तीन म्हणजे तुमसर, भंडारा आणि साकोली.

चार अधिक तीन सात. लोकसभेच्या डब्यात जागा सहाच. मग सातवा कुठे बसवायचा?

नुसतं आपल्याकडेच असं झालं असंही नाही. शेजारी बघा. नागपूर जिल्ह्यात बारा, म्हणजे नागपूर आणि रामटेक असे दोन स्वच्छ डबे. गडचिरोलीत तीन, चंद्रपुरात सहा. गोंदिया, भंडारा, गडचिरोली आणि चंद्रपूर या चार जिल्ह्यांची बेरीज सोळा होते. सोळाला सहाने भाग जात नाही. म्हणून यवतमाळ जिल्ह्यातले वणी आणि आर्णी हे दोन घेतले. झाले अठरा, आणि अठरांचे तीन मतदारसंघ. वणी आणि आर्णी चंद्रपुरात गेले. चंद्रपूर जिल्ह्यातले ब्रह्मपुरी आणि चिमूर गडचिरोलीला जोडले. आणि आपला आमगावही गडचिरोलीलाच गेला. अशा रीतीने गडचिरोली-चिमूर हा मतदारसंघ तीन जिल्ह्यांत पसरला. वरच्या टोकाला सालेकसा, खालच्या टोकाला गोदावरीकाठचं सिरोंचा. सडकेने तीनशे किलोमीटरहून जास्त अंतर. वर बाजारात हिंदी आणि छत्तीसगढी ऐकू येते, खाली तेलुगू. आणि दोन्हींना खासदार एकच.

पण हा निव्वळ गणिताचा प्रश्न नव्हता. कायद्याप्रमाणे अनुसूचित जमातींच्या राखीव जागा जिथे त्यांच्या लोकसंख्येचं प्रमाण सर्वांत जास्त असतं तिथे ठेवाव्या लागतात. महाराष्ट्रात लोकसभेच्या अशा जागा चार आहेत: नंदुरबार, दिंडोरी, पालघर आणि गडचिरोली-चिमूर. विधानसभेला आमगाव राखीव, तसेच आरमोरी, गडचिरोली आणि अहेरी हेही राखीव. हे चार आदिवासी मतदारसंघ एका लोकसभेत आले. सहापैकी चार. सातव्याला कुठे बसवायचं ते असं ठरलं.

हे सगळं समजल्यावर मी लगेच इंजिनीअरसारखी वागले. लॅपटॉपवर आकडे मांडले, तालुक्यांचे पर्याय करून पाहिले आणि मैत्रिणीला फोन केला. म्हटलं, "अगं, आमगाव भंडारा-गोंदियात आणता येईल. साकोली दुसरीकडे ढकलली की झालं. तुमचा खासदार शंभर किलोमीटरच्या आत राहील." तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आणि तुमच्यात येऊन आमचं काय होईल?"

मी गप्प. ती पुढे म्हणाली, "खासदार दूर असते हे खरं आहे. सालेकशाला यायचं तर त्याचा दिवस जाते. पण तो आमच्यातला असते. वनहक्काचा दावा म्हणजे काय, आश्रमशाळा म्हणजे काय, त्याला समजवावं नाही लागत. तुमच्यात आलो तर सहातले एक होऊ. तिकडं सहातले चार आहोत. हे नाही दिसलं का तुझ्या कॉम्प्युटरमध्ये?"

नाही दिसलं. मी अंतर मोजत होते, ती वजन मोजत होती. रेघ एकच होती. मला त्यात तुटलेला जिल्हा दिसला आणि तिला जुळलेला समाज. तिचंच सगळं बरोबर असंही मी म्हणत नाही. तिच्याच गावातले काही लोक म्हणतात की गडचिरोलीपेक्षा गोंदिया बरं. पण तिथे राहणाऱ्यांना न विचारता पुण्यात बसून ती रेघ हलवणारी मी कोण, हे मला त्या फोनवर कळलं.

रेघ आखणाऱ्याचा हात कुठे पोचतो, ते मी दुसऱ्या देशात पाहिलं होतं. कामानिमित्त तीन वर्षं अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यात राहिले. तिथल्या प्रतिनिधीगृहाच्या, म्हणजे आपल्या लोकसभेसारख्या सभागृहाच्या, निवडणुका दर दोन वर्षांनी होतात. त्या राज्याला जागा आहेत १४. २०२२ मध्ये न्यायालयाच्या देखरेखीखाली आखलेल्या नकाशावर निवडणूक झाली, आणि दोन्ही पक्षांना सात-सात जागा मिळाल्या. पुढे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाची रचना बदलली, आधीचा निकाल फिरला, आणि राज्याच्या विधिमंडळाने नवा नकाशा केला. २०२४ मध्ये त्याच राज्यात रिपब्लिकन दहा आणि डेमोक्रॅट चार. त्याच दिवशी त्याच मतदारांनी गव्हर्नर डेमोक्रॅट पक्षाचा निवडला. म्हणजे माणसं फार बदलली नव्हती, रेघा बदलल्या होत्या.

तिकडे बहुतेक राज्यांत मतदारसंघ आखायचं काम राज्याच्या विधिमंडळाकडेच असतं. ज्याच्या हातात सत्ता, त्याच्या हातात पेन्सिल. यात एकच पक्ष वाईट असं नाही. इलिनॉय राज्यात डेमोक्रॅट पक्षाने हेच उलट बाजूने केलं. ही विद्या जुनी आहे. १८१२ मध्ये मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांच्या काळात एक मतदारसंघ इतका वाकडातिकडा झाला की वर्तमानपत्रवाल्यांनी त्याला सॅलॅमँडर, म्हणजे सरड्यासारख्या त्या प्राण्याची उपमा दिली. त्यावरूनच "जेरीमँडरिंग" हा शब्द निघाला.

आपल्याकडे तसं नाही, ही अभिमानाची गोष्ट आहे. इथे परिसीमन आयोग असतो. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती त्याचे अध्यक्ष. आपल्या वेळी ते निवृत्त न्यायमूर्ती कुलदीप सिंग होते. राज्यातले पाच खासदार आणि पाच आमदार सल्ला द्यायला बसतात, पण त्यांना मत नसतं. आयोग आधी कच्चा आराखडा प्रसिद्ध करतो, हरकती मागवतो, जाहीर सुनावणी घेतो. मग अंतिम आदेश निघतो, आणि त्यानंतर त्याविरुद्ध निवडणुकीच्या नावाने कोर्टात जाता येत नाही. जे बोलायचं ते आराखड्याच्या वेळीच.

मागच्या वेळी गोरेगाव नावाचा आपला विधानसभा मतदारसंघ नकाशावरून गेला. गोरेगावचे चार-पाच जण आज समोर आहेत. त्यांच्यापैकी कोणी त्या सुनावणीला गेलं होतं का? मी तर गेले नव्हतेच. सुनावणी असते हेच माहीत नव्हतं.

तुम्ही मला मशीनबद्दल नेहमी विचारता, म्हणून एक आठवण देते. मे २०१८ मध्ये आपल्याकडे लोकसभेची पोटनिवडणूक झाली तेव्हा भर उन्हाळ्यात व्हीव्हीपॅट यंत्रं ठिकठिकाणी अडली, आणि ३० मे रोजी ४९ केंद्रांवर फेरमतदान घ्यावं लागलं. केवढी चर्चा झाली! व्हायलाच हवी होती. पण यंत्र अडलं तर दोन दिवसांनी पुन्हा मतदान घेता येतं. रेघ चुकली तर ती पुढच्या आयोगापर्यंत तशीच राहते, आणि तिच्याबद्दल आपण चहाच्या टपरीवर एक शब्द बोलत नाही.

रेघा आपल्या डोक्यावरून किती वेळा फिरल्या त्याचा हिशेब करायचा तर माझ्या आजीकडे बघा. ती लग्न होऊन आली ती गोंदियाच्या एकाच घरात राहिली, आणि त्याच घरातून गेली. पण तिचं राज्य आधी मध्यप्रांत आणि वऱ्हाड होतं, मग मध्य प्रदेश झालं, १९५६ मध्ये मुंबई राज्य आणि १९६० मध्ये महाराष्ट्र. जिल्हा १ मे १९९९ ला बदलला. तुमचे शाळा सोडल्याचे दाखले काढून बघा, त्यावर जिल्हा भंडारा आहे. आपण भंडारा जिल्ह्यात दहावी झालो आणि गोंदिया जिल्ह्यातले माजी विद्यार्थी म्हणून आज भेटतोय. शाळा मात्र जागची हलली नाही.

याच मातीत लोकसभेची एक मोठी गोष्ट घडली. ती आपल्याला शाळेत शिकवली नाही, आणि सर, तुमचा दोष नाही, पुस्तकात नव्हती. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत भंडारा मतदारसंघ दोन जागांचा होता, एक सर्वसाधारण आणि एक अनुसूचित जातींसाठी राखीव. सर्वसाधारण जागेवर काँग्रेसचे चतुर्भुज विठ्ठलदास जसानी निवडून आले. निवडीला आव्हान मिळालं आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. एक मुद्दा कशाचा होता? विडीचा. मुलजी सिक्का आणि कंपनी ही विडीची कंपनी, तिचे जसानी भागीदार. सैनिकांसाठी विड्या पुरवण्याचा त्या कंपनीचा सरकारशी करार होता, आणि सरकारशी असा व्यवहार असलेल्याला तेव्हाच्या कायद्याप्रमाणे उभं राहता येत नव्हतं. दुसरा मुद्दा राखीव जागेचा. गंगाराम ठवरे यांचा अर्ज नाकारला होता, कारण त्यांनी महानुभाव पंथ स्वीकारला होता. न्यायालयाने म्हटलं, पंथ घेतला म्हणून ते आपल्या समाजाबाहेर गेले असं होत नाही, अर्ज नाकारणं चूक होतं. फेब्रुवारी १९५४ मध्ये निकाल आला आणि मे महिन्यात दोन्ही जागांसाठी पोटनिवडणूक झाली.

राखीव जागेवर त्या पोटनिवडणुकीत कोण उभे होते? डॉ. बाबासाहेब आंबेडकर. १९५२ मध्ये मुंबईत हरल्यानंतर लोकसभेत जाण्याचा त्यांचा तो दुसरा आणि शेवटचा प्रयत्न. सर्वसाधारण जागेवर समाजवादी नेते अशोक मेहता, आणि त्यांचा-बाबासाहेबांचा समझोता होता. प्रत्येक मतदाराला दोन मतं. अशोक मेहता निवडून आले. बाबासाहेब काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून आठ हजारांच्या घरातल्या फरकाने हरले.

राज्यघटनेच्या मसुदा समितीच्या अध्यक्षांना आपल्या जिल्ह्याने लोकसभेत पाठवलं नाही. मी हे कोणाला टोचायला सांगत नाही, इथे दोन्हीकडचे नातू-पणतू बसले आहेत. मला त्यात रेघ दिसते. राखीव जागा असली तरी मतं सगळ्या मतदारसंघाची मोजली जात. दोन जागांची ती पद्धत पुढे १९६१ च्या कायद्याने बंद झाली. मतदारसंघ कसा आखला, किती जागांचा ठेवला, कोणाला कोणाबरोबर बसवला, यावर कोण दिल्लीला जाणार हे ठरतं. बाबासाहेबांसारख्या माणसालाही त्यातून सूट मिळाली नाही.

आणखी एक गोष्ट, खास इथल्या मुलींसाठी. म्हणजे आता चाळिशी-पंचेचाळिशीच्या मुलींसाठी. बोरकरांच्या निधनानंतर १९५५ मध्ये पुन्हा पोटनिवडणूक झाली आणि त्यांच्या पत्नी अनुसयाबाई बोरकर निवडून आल्या. आपल्या भागातून लोकसभेत गेलेल्या त्या महिला खासदार. त्यानंतर सत्तर वर्षं झाली. भंडारा म्हणा, भंडारा-गोंदिया म्हणा, दुसरी नाही. आपल्या वर्गात पहिल्या पाचात तीन मुली असायच्या, हे मुलांनी विसरू नये.

हा विषय आजच काढायचं कारण असं, की रेघ पुन्हा आखायची वेळ येते आहे. लोकसभेच्या जागांचं राज्यनिहाय वाटप १९७१ च्या जनगणनेवर थांबवून ठेवलं आहे. महाराष्ट्राला १९७७ पासून ४८ जागा आहेत. आपल्यापैकी बहुतेकांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. हे थांबवणं २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत आहे. ती जनगणना जाहीर झाली आहे, १ मार्च २०२७ ही तिची संदर्भ तारीख. त्या आकड्यांनंतर परिसीमन. आणि २०२३ मध्ये झालेल्या घटनादुरुस्तीप्रमाणे महिलांसाठी एक तृतीयांश जागा त्या परिसीमनानंतरच राखीव होणार आहेत. म्हणजे आमगाव कुठे बसेल, गोरेगाव परत येईल का, अनुसयाबाईंनंतरची दुसरी बाई कुठून निवडून येईल, हे सगळं एकाच नकाशावर ठरणार. आणि त्या नकाशाचा कच्चा आराखडा आपल्या डोळ्यांसमोर प्रसिद्ध होणार.

आता थोडं अवघड बोलते. हे बोलावं की नाही, यावर गाडीत रात्रभर विचार केला.

१९ एप्रिल २०२४ ला मतदानासाठी मी पुण्याहून आले. महाराष्ट्र एक्सप्रेसने, आपली जुनी गाडी. आईच्या घराजवळच्या केंद्रावर सकाळी रांगेत उभी राहिले, शाई लावून घेतली, फोटो ग्रुपवर टाकला. तुम्ही अंगठे दिलेत. दुपारी चार वाजता सालेकशाच्या मैत्रिणीला फोन केला, "झालं का मतदान?" ती म्हणाली, "आमचं तीनलाच आटोपलं, बाई." नक्षलग्रस्त भाग म्हणून आमगावात मतदान तीनपर्यंत, अर्जुनी मोरगावातही तीनपर्यंत. गोंदियात सहापर्यंत. एकाच जिल्ह्यात दोन घड्याळं. मग तिनं विचारलं, "तू पुण्यात किती वर्षांपासून राहून राहिली?" म्हटलं, मधली अमेरिकेची वर्षं सोडून पंधरा. ती म्हणाली, "मग मत इथं काहून?"

तिनं सहज विचारलं. मला लागलं. १९५० चा लोकप्रतिनिधित्व कायदा म्हणतो की माणूस सर्वसाधारणपणे जिथे राहतो तिथल्या यादीत त्याचं नाव असावं, आणि एका वेळी दोन मतदारसंघांत असू नये. गंमत अशी की भारतीय नागरिकत्व कायम ठेवून न्यू जर्सीत राहणारा आपला मित्र पासपोर्टवरच्या पत्त्यावर गोंदियाचा मतदार राहू शकतो, मात्र मत द्यायला त्याला इथे यावं लागतं. पुण्यात घर घेतलेल्या मला ती सवलत नाही. मी माझं मत आठवण म्हणून ठेवलं होतं, दहावीच्या ग्रुप फोटोसारखं. पण मत म्हणजे फोटो नव्हे. माझ्या मताने इथला खासदार ठरत होता, आणि इथल्या धानाच्या बोनसशी, दवाखान्याच्या रांगेशी, रेल्वे फाटकाशी माझा रोजचा संबंध उरला नव्हता. आणि पुण्यात ज्या नगरसेवकाच्या नावाने मी पाण्यासाठी बोटं मोडायची, त्याला मी मत देऊही शकत नव्हते आणि नाकारूही शकत नव्हते.

गेल्या वर्षी मी आठ नंबरचा फॉर्म भरला. माझं नाव गोंदियाच्या यादीतून निघालं आणि पुण्यात लागलं. आईला सांगितलं तेव्हा ती थोडा वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "आता इलेक्शनला नाही येणार तू." ती मतांबद्दल बोलत नव्हती, हे तुम्हाला कळलं असेल.

मी सगळ्यांनी असंच करावं असा आग्रह धरणार नाही. प्रत्येकाचं घर, प्रत्येकाची अडचण वेगळी. पण ज्यांची नावं दोन ठिकाणी आहेत, त्यांनी एक काढून टाका. २००४ मध्ये आपल्या इथला खासदार तीन हजारांच्या आसपास मतांनी ठरला होता. मुंबई उत्तर-पश्चिमचा खासदार २०२४ मध्ये ४८ मतांनी ठरला. अठ्ठेचाळीस, म्हणजे आपल्या वर्गाच्या पटाएवढा आकडा. चुकीच्या यादीतलं एकेक नाव तिथे मोजलं जातं.

आणि जे इथेच राहिले, दुकान सांभाळलं, शेती केली, शाळेत शिकवलं, त्यांना माझं सांगणं आहे. आराखडा आला की तो वाचा. तालुका, महसूल मंडळ, गाव असं सगळं त्यात लिहिलेलं असतं. कळलं नाही तर मला फोन करा. नकाशा तालुक्यांवर चढवून, कोणतं गाव कुठे जातंय ते मराठीत लिहून ग्रुपवर टाकायचं काम माझं. बी.ई.चा तेवढा तरी उपयोग होऊ दे. पण हरकत काय घ्यायची, आमगाव इकडे हवं की तिकडे, हे मी लिहिणार नाही. ते सालेकशाची मैत्रीण लिहील, देवरीचे आपले दोघं लिहितील, गोरेगाववाले लिहितील. त्यात भांडण होईल. होऊ द्या. पण या वेळी निदान सगळे एकाच नकाशाकडे बघून भांडू, आणि ग्रुप कोणी सोडायचा नाही.

सर, तुम्ही भूगोलही घ्यायचात. नकाशा भरताना मी एकदा जिल्ह्याची सीमा पट्टीने सरळ ओढली होती. तुम्ही वही परत दिलीत आणि म्हणालात, "तिथं गावं आहेत, बाई. पट्टी ठेवू नको." तेव्हा मला वाटलं होतं, एक गुण कापायला कारण शोधलं. आज तीस वर्षांनी ती वही दुरुस्त करून आणली आहे, असं समजा.

सालेकशाची मैत्रीण आज सकाळच्या गाडीने आली आहे. शेवटच्या रांगेत बसली आहे आणि मघापासून हातानं "बस कर" म्हणते आहे. म्हणून थांबते.